रेडिएटर नवीन मिळाला म्हणून खूश होऊन गाडी घेतली, आता गिअरबॉक्स झटके देऊन राहिला

मानेवाडा_मन्या

नमस्कार मंडळी, वर्षभर इथे नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहून राहिलो कारण आता माझं डोकं चालणं बंद झालं.

डिसेंबरात सेकंड हँड गाडी घेतली. सात सीटर, डिझेल, ऑटोमॅटिक, २०१६ ची, एमएच ४९ पासिंग, मीटरवर १ लाख १२ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर अर्धे लोक त्यावरच भांडत बसतील आणि माझा प्रश्न तसाच राहील. शहरातल्याच एका डीलरकडून ७ लाख ४० हजाराला घेतली. ऑटोमॅटिक यासाठी की माझा डावा गुडघा गेला आहे, वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून रात्री झोप लागत नव्हती.

घेताना बॉनेट उघडलं तर आत सगळं जुनंपानं, धुळीनं भरलेलं, आणि त्यात रेडिएटर मात्र नवरदेवासारखा चकचकीत. डीलर म्हणे, "साहेब, तुमच्यासाठी नवीन टाकून दिला, नागपूरच्या उन्हात आता पाच वर्षं बघायचं काम नाही." मी तिथेच खूश. घासाघीस करायची होती पंधरा हजाराची, तीही केली नाही.

होळीपर्यंत मस्त चालली. त्यानंतर एक नवीन प्रकार सुरू झाला. साठ-सत्तरच्या स्पीडला, ॲक्सिलरेटरवर हलका पाय असताना गाडी अशी थरथरते जशी टोल नाक्याच्या आधीच्या रंबल स्ट्रिपवरून चालली आहे. पाच-सहा सेकंद. पाय थोडा जोरात दाबला की बंद, सोडला तरी बंद. आणि आता मे मध्ये अजून एक, सीताबर्डीला उन्हात गाडी लावली, तासाभराने येऊन डी मध्ये टाकली तर दोन सेकंद काहीच नाही, मग मागून कोणी धक्का मारल्यासारखा धाडकन झटका.

कूलंट एक थेंब कमी होत नाही. काटा मधोमध. एका गॅरेजवाल्याने इंजिन माउंटिंग सांगितलं, साडेसहा हजार गेले, फरक शून्य. दुसरा म्हणतो गिअरबॉक्स उतरवावा लागेल, १ लाख ८५ हजार धरून चला, आणि खोलल्याशिवाय काही सांगता येत नाही. डीलरला फोन केला तर म्हणतो ऑटोमॅटिक असंच असते साहेब, सवय करा.

नुसतं ऑईल बदलून भागेल का? काय चेक करू? पैसे घालायच्या आधी विचारून राहिलो.

तर्रीबाज

मॅन्युअल घ्यायची ना भाऊ. गुडघ्याचं ऑपरेशन स्वस्तात झालं असतं.

(गंमत केली, रागावू नका. काका लोक येतीलच उत्तर द्यायला.)

डिझेलकाका_हिंगणा

मन्याभाऊ, पोस्ट दोनदा वाचली. मला झटक्यांपेक्षा त्या नवरदेवाची काळजी वाटून राहिली.

नीट समजून घ्या. तुमच्यासारख्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (म्हणजे इंजिनची ताकद ऑईलच्या जोरावर गिअरबॉक्सकडे देणाऱ्या) बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचं ऑईल, म्हणजे एटीएफ, थंड करायला रेडिएटरमध्येच पाठवतात. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीच्या पोटात एक छोटा धातूचा कूलर बसवलेला असतो, त्याच्या आतून ऑईल फिरते आणि बाहेरून कूलंट. दोघांच्या मध्ये फक्त पातळ पत्रा. तो कुठे सडला किंवा जोडावर चीर गेली की दोघं एकमेकांत मिसळतात, आणि हे सगळं आतल्या आत होते म्हणून जमिनीवर थेंब पडत नाही, पार्किंगमध्ये डाग दिसत नाही. मालक म्हणतो कूलंट कमी होते पण लीक कुठेच नाही.

आता यातली खरी मेख अशी. गाडी चालू असताना साधारणपणे ऑईलचं प्रेशर जास्त, म्हणून ऑईल कूलंटमध्ये जाते. गाडी बंद केली की ऑईल पंप थांबला, त्याचं प्रेशर शून्य. पण रेडिएटर तर गरम आहे, कॅपच्या आत साधारण १ बार प्रेशर बराच वेळ टिकून राहते. मग उलटं सुरू होते, कूलंट गिअरबॉक्सकडे. म्हणजे तुम्ही ऑफिसात एसीत बसले आहात आणि खाली पार्किंगमध्ये गाडी बंद असताना तिचा गिअरबॉक्स पाणी पिऊन राहिला.

लाल ऑईलमध्ये कूलंट घुसळला की गुलाबी फेसाळ दूध तयार होते. अमेरिकेत लोक त्याला स्ट्रॉबेरी मिल्कशेक म्हणतात. तिकडे निसानच्या २००५ ते २०१० च्या पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटियर या गाड्या याच कारणाने बदनाम झाल्या, कंपनीला त्या रेडिएटरची वॉरंटी ८ वर्षं किंवा ८० हजार मैलांपर्यंत वाढवावी लागली आणि मामला कोर्टातही गेला. ८० हजार मैल म्हणजे आपले १ लाख २८ हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे गाडी तोपर्यंत बहुतेक दुसऱ्या मालकाकडे गेलेली असते, आणि भोगतो तो.

तुमच्या केसमध्ये मला असं दिसते: आधीच्या मालकाकडे कूलर फुटला, गाडी झटके द्यायला लागली, त्याने विकून टाकली. डीलरने रेडिएटर नवा टाकला, गिअरबॉक्सचं ऑईल खालून काढून नवं भरलं, थंडीच्या दिवसात गाडी गोड चालली, तुम्ही घेतली. म्हणून तुमचा कूलंट कमी होत नाही. लीक बंदच आहे ना आता. नुकसान आधीच आत होऊन बसलं आहे.

हा अंदाज आहे, खात्री नाही. खात्री करायला दोन गोष्टी करा. एक, टॉर्च घेऊन रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीवर गोल घड्याळासारखा शिक्का शोधा. मध्ये वर्षाचे दोन आकडे असतात आणि बाण महिन्याकडे असतो. त्यावरून रेडिएटर कधीचा ते कळेल. दुसरं, चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, जुनी हिस्टरी मागा. कूलंट टॉपअप असं दोन-तीनदा लिहिलेलं सापडलं तर समजून जा.

आणि तोपर्यंत गाडी चालवू नका. मुलाला शाळेत सोडायला पण नाही.

रामटेकची_रश्मी

काका, एक बाळबोध प्रश्न. एवढंसं पाणी गेल्याने गिअरबॉक्ससारखी मजबूत गोष्ट कशी खराब होते? गिअर तर लोखंडाचे असतात ना. आणि माझ्याकडे छोटी एएमटी आहे, मला घाबरायला हवं का? आम्ही पण कूलंट कमी झाला की बोअरचं पाणी टाकतो.

डिझेलकाका_हिंगणा

रश्मीताई, बाळबोध नाही, हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

गिअरला काही होत नाही. होते ते क्लच प्लेटांना. ऑटोमॅटिकच्या आत बांगड्यांसारख्या पातळ प्लेटांची चळत असते. प्रत्येक प्लेट म्हणजे स्टीलची चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंना कागदासारखं अस्तर चिकटवलेलं. खरंच कागदाच्या जातीचंच असते ते, आणि गोंदाने चिकटवलेलं असते. ऑईलमध्ये ते वर्षानुवर्षं टिकते. पण पाणी आणि कूलंटमधलं ग्लायकॉल त्या अस्तरात मुरते, खालच्या गोंदापर्यंत पोचते, खालच्या स्टीलला गंज धरतो, आणि मग पावसात भिजलेल्या भिंतीवरचं पोस्टर सुटते तसं अस्तर सुटायला लागते. सुटलेला भुसा ऑईलमधून फिल्टरमध्ये, तिथून वॉल्व्ह बॉडीत, सोलेनॉइडमध्ये, म्हणजे ऑईलची वाट बदलून गिअर टाकणाऱ्या भागांत. टॉर्क कन्व्हर्टरच्या आत पण असाच एक क्लच असतो, साठ-सत्तरला तो लॉक होतो. मन्याभाऊंना रंबल स्ट्रिपसारखं जे वाटून राहिलं ते त्याचंच लक्षण असू शकते. धरू का सोडू असं त्याचं चाललेलं असते.

तुमची एएमटी वेगळी. ती आतून मॅन्युअलच आहे, क्लच आणि गिअर टाकायचं काम फक्त मशीन करते. तिच्यात साधं गिअर ऑईल, ते रेडिएटरकडे जातच नाही, म्हणून ही बिमारी तिला नाही. निश्चिंत राहा. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारी, ठरलेले गिअर नसलेली ऑटोमॅटिक) आणि बाकीच्या ऑटोमॅटिकचं गाडीनुसार बदलते, काहींचा कूलर रेडिएटरमध्ये, काहींचा गिअरबॉक्सवरच बसवलेला असतो पण त्यात कूलंटच फिरतो, म्हणजे धोका तोच, जागा वेगळी.

पण ताई बोअरचं पाणी बंद करा. आपल्याकडचं पाणी क्षाराचं, रेडिएटरमध्ये पांढरा थर धरते. कूलंटमध्ये गंज रोखणारी औषधं असतात, पाणी टाकून टाकून ती पातळ होतात आणि धातू आतून खायला सुरुवात होते. कूलर फुटण्याचं एक मोठं कारण हेच. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळते, चहाच्या किमतीत.

कोथरूड_ते_कोराडी

मी इतका टोकाचा विचार करणार नाही. बदली होऊन दोन वर्षांपूर्वी नागपूरला आलोय, पुण्यात माझ्या मित्राच्या गाडीत असाच जडर, म्हणजे थरथर होती, एटीएफ फ्लश करून आणि फ्रिक्शन मॉडिफायरची (ऑईलमध्ये मिसळायच्या औषधाची) एक बाटली टाकून गेली. पंधरा हजारात काम झालं. आधी स्वस्त उपाय करून बघा, लगेच दोन लाख कशाला घालायचे?

डिझेलकाका_हिंगणा

मित्राच्या गाडीत कूलंट गेलं होतं का? नसेल तर ती केस वेगळी. ऑईल जुनं झाल्याने येणारा जडर खरंच फ्लशने जातो, त्यात वाद नाही.

पाणी गेलेल्या गिअरबॉक्सचं तसं नाही. आणि अजून एक, खालचा बोल्ट काढून जे ऑईल निघते ते एकूण ऑईलच्या साधारण निम्मं किंवा त्याहून कमीच असते. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि वाहिन्यांमध्ये राहते. म्हणून डीलरने एकदा ऑईल बदललं तरी जुनं गुलाबी दूध नव्या ऑईलात मिसळून फिरतच राहते. ज्या दिवशी कूलर फुटला त्याच दिवशी गाडी बंद करून, टो करून, रेडिएटर बदलून तीन-चार वेळा पूर्ण फ्लश केला तर वाचू शकते. वाचलेल्या पाहिल्या आहेत. पण हजार-दोन हजार किलोमीटर तशीच पळवलेली गाडी फ्लशने बरी झालेली मी एमआयडीसीत इतकी वर्षं काढून एक पाहिली नाही. बाटलीने सुटलेलं अस्तर परत चिकटत नाही दादा.

कोथरूड_ते_कोराडी

मान्य. मित्राला विचारलं, कूलंटचा काही विषय नव्हता त्याच्या गाडीत. माझं उदाहरण इथे लागू नाही.

वऱ्हाडी_वाघ

काकाचं सारं बरोबर हाय पण मले एक येगळीच शंका येऊन राहिली. २०२३ च्या सप्टेंबरातला पूर आठवते का? अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, रातोरात लोकायच्या पार्किंगात पानी भरलं, किती गाड्या बुडाल्या त्याचा हिसाब नाही. त्यातल्या बऱ्याच नंतर धुऊन पुसून बाजारात आल्या असतील. गिअरबॉक्सले वर एक हवा सोडाची नळी असते, गाडी बुडाली का तिच्यातून पानी आत जाते. मंग तेथंही दूधच होते. रेडिएटर कायले दोषी धरता पयलेच?

मन्याभाऊ, सीटबेल्ट पुरा ओढून पाहा, टोकाले चिखलाची रेघ दिसते का. सीटच्या खालच्या पट्ट्या गंजल्या का. कार्पेट उचलून हात घाला, रेती लागली तर समजा.

डिझेलकाका_हिंगणा

वाघ, लाखातली बात केली. हे मला सुचायला पाहिजे होतं.

फरक करता येतो. पुराचं पाणी असेल तर ऑईलात ग्लायकॉल सापडणार नाही. ऑईल तपासणाऱ्या लॅबमध्ये थोडं सॅम्पल दिलं तर ग्लायकॉल आहे की नाही ते सांगतात, शिवाय सोडियम-पोटॅशियमसारखे कूलंटमधले क्षार वाढले का तेही कळते. लॅब नको असेल तर निदान पाणी आहे की नाही हे गॅरेजमध्येच कळते. लोखंडी तवा चांगला तापवून त्यावर ऑईलचा एक थेंब टाकायचा. नुसता धूर निघाला तर ऑईल चांगलं, मोहरीसारखा तडतडला तर आत पाणी. चष्मा घालून, लांबून, आणि घरचा पोळ्यांचा तवा वापरू नका, वहिनी मला शिव्या देतील.

कोणी चाखून बघायला जाऊ नका. गोड लागते म्हणतात पण इथिलीन ग्लायकॉल विष आहे, किडनी जाते. कुत्री-मांजरी सांडलेलं चाटतात आणि मरतात, म्हणून काढलेलं कूलंट उघड्या टबात ठेवू नका.

मानेवाडा_मन्या

सगळ्यांना आधी धन्यवाद. तीन दिवस लागले, पण जे जे सांगितलं ते सगळं केलं.

सीटबेल्ट स्वच्छ, कार्पेटखाली कोरडं, पट्ट्यांना गंज नाही. वाघभाऊ, पुराची गाडी नाही वाटत.

रेडिएटरचा शिक्का शोधायला अर्धा तास गाडीखाली मोबाईल घेऊन पडून होतो, बायको वरून विचारते झोपले का. सापडला. डाव्या बाजूच्या टाकीवर, खालच्या कोपऱ्यात, एक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. मध्ये २४ आणि बाण ८ वर. म्हणजे ऑगस्ट २०२४ चा माल, गाडी २०१६ ची. आणि त्याच्याच बाजूला दोन जाड रबरी पाईप आहेत, काकांनी सांगितलेल्या कूलरला ऑईल नेणारे असावेत, त्यांच्या क्लिपा पण नव्या, पिवळ्या चमकणाऱ्या. बाकी प्रत्येक क्लिप काळी. हे मी घेतानाच पाहायला पाहिजे होतं पण तेव्हा मी चकाकीच पाहत होतो.

सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरची पोरगी चांगली होती, आरसी दाखवली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. शेवटच्या दोन व्हिजिटमध्ये, ९८ हजारला आणि १ लाख ४ हजारला, दोन्ही वेळा कूलंट टॉपअप. दुसऱ्या वेळी शेरा लिहिला आहे, "कस्टमरला प्रेशर टेस्टचा सल्ला दिला, कस्टमरने नाही म्हटलं." त्यानंतर तिथे गाडी गेलीच नाही.

मग टो करून ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे एक ऑटोमॅटिकचंच काम करणारे चाचा आहेत त्यांच्याकडे नेली. काका, तुमच्या सांगण्यावरून चालवली नाही, टोचे २२०० गेले. माझ्या गाडीला डिपस्टिक नाही, सील्ड आहे, म्हणून त्यांनी लेव्हलच्या बोल्टमधून थोडं काढलं. गुलाबी नव्हतं. तपकिरी, चहात दूध जास्त झाल्यासारखं. चाचांनी बोटावर घेऊन चोळलं आणि काही न बोलता तवा ठेवला गॅसवर. (त्यांच्याकडे बेअरिंग गरम करायचा जुना तवा आहेच.) थेंब टाकला आणि तडतड असा आवाज झाला की मागच्या भिंतीजवळचं मांजर पळालं. मला कळलं काय ते.

ग्लायकॉलसाठी सॅम्पल लॅबला दिलं आहे.

आता दोन प्रश्न. एक, चाचा म्हणतात भंगारातून सेकंड हँड गिअरबॉक्स बसवू, ७० हजारात होईल, किंवा हाच खोलून प्लेटा-सील सगळं नवं, १ लाख ६० पर्यंत. काय करू? दोन, डीलरला काही करता येते का? इन्शुरन्सवाल्यांनी तर फोनवरच सांगितलं मेकॅनिकल बिघाड पॉलिसीत येत नाही.

डिझेलकाका_हिंगणा

भंगारचा गिअरबॉक्स म्हणजे तुम्ही ज्या विहिरीत पडलात त्याच्याच शेजारची विहीर. तो कुठल्या गाडीचा, तिचा रेडिएटर कसा होता, कोण सांगणार? हाच खोला. पण दोन अटी चाचांना आधीच सांगा. टॉर्क कन्व्हर्टर जुना परत बसवायचा नाही. एकतर नवा, नाहीतर कापून आतली प्लेट बदलून परत वेल्ड केलेला. नुसता धुऊन बसवला तर सगळा भुसा त्याच्यातूनच परत बाहेर येतो. आणि ऑईलचे पाईप, वॉल्व्ह बॉडी पूर्ण साफ.

शिवाय वाटल्यास ऑईलसाठी बाहेर वेगळा कूलर लावून घ्या, रेडिएटरच्या आतला बायपास. तिकडच्या थंड देशात यावर वाद घालतात कारण ऑईल लवकर गरम होत नाही. आपल्याकडे ४५ डिग्रीत तो प्रश्न नाही, उलटा प्रश्न आहे, कूलर पुरेसा मोठा पाहिजे आणि त्याच्यावर हवा आली पाहिजे. एसीच्या कंडेन्सरच्या मागे कुठेतरी दडपून बसवला तर फायदा कमी.

सिव्हिललाईन्स_सई

मन्यादादा, डीलरबद्दल मी सांगते, रोजचं काम आहे माझं.

तुम्ही डीलरकडून घेतली हे तुमच्या फायद्याचं. शेजाऱ्याकडून थेट घेतली असती तर ग्राहक कायद्यात बसवणं कठीण गेलं असतं, पण विकणं हाच ज्याचा धंदा आहे त्याच्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं, तुमचे तर सहा महिनेही झाले नाहीत. ७ लाख ४० हजाराच्या गाडीसाठी जिल्हा ग्राहक आयोगच, फी २०० रुपये. ऑनलाईन ई-जागृती या सरकारी पोर्टलवर भरता येते. त्याआधी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवा, कधी कधी तेवढ्यानेच समोरचा माणूस बोलायला लागतो.

पण पुरावा. लक्ष देऊन वाचा. गिअरबॉक्स खोलायच्या आधी डीलरला लेखी कळवा, की अमुक दिवशी अमुक ठिकाणी खोलणार आहे, तुमचा माणूस पाठवा. नाही आला तर नाही आला, पण नंतर "आम्हाला न विचारता खोललं" असं म्हणता येणार नाही. खोलताना व्हिडिओ काढा. लॅबचा रिपोर्ट, सर्व्हिस हिस्टरीची प्रिंट, शिक्क्याचा फोटो, टोचं बिल सगळं जपा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विकताना व्हॉट्सॲपवर काय काय लिहिलं होतं त्याने? तो चॅट डिलीट करू नका, बॅकअप घ्या. नवीन रेडिएटर टाकला हे त्याने स्वतः लिहिलं असेल तर मग का टाकला हे त्यालाच सांगावं लागेल.

अजून एक विचारून ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागते. त्याच्याकडे आहे का? नसेल तर तो आयोगासमोर जायच्या आधीच तडजोडीला तयार होईल असं माझं मत.

केस जिंकालच असं मी म्हणत नाही. "जशी आहे तशी घेतली" असा कागद त्याने सही करून घेतला असेल, बहुतेक घेतातच. तरी माहीत असलेला दोष लपवणं वेगळं.

मानेवाडा_मन्या

ताई, चॅट आहे. शब्दशः असं लिहिलं आहे: "रेडिएटर एकदम न्यू डाला है सर, गिअरबॉक्स मक्खन." कागदावर सही पण आहे, तुम्ही म्हणता तशीच.

तर्रीबाज

मक्खन तर निघालंच ना, दूध घुसळून.

मानेवाडा_मन्या

हसलो भाऊ. बऱ्याच दिवसांनी.

मानेवाडा_मन्या

तीन आठवड्यांनी अपडेट द्यायला आलो, कारण मला पण असे धागे अर्धवट राहिले की राग येतो.

लॅबचा रिपोर्ट आला, ग्लायकॉल पॉझिटिव्ह. सईताईंनी सांगितलं तसं पत्र पाठवलं, डीलरचा माणूस आला नाही. चाचांनी माझ्यासमोर खोललं. तळाच्या पॅनमधल्या चुंबकांवर काळी पेस्ट, आणि त्यात बारीक तंतू, शेविंग ब्रशचे केस गळाल्यासारखे. चाचांनी एक प्लेट माझ्या हातात दिली. अंगठ्याने नुसतं दाबलं तर अस्तर सालीसारखं सरकलं, खालचं लोखंड लालसर. बाजूच्या प्लेटीवर हात लावायच्या आधीच अर्धं अस्तर नव्हतं. दहा-बारा वर्षांची पोरं पाठीवरची उन्हाने सुटलेली साल ओढतात ना, अगदी तसं.

१९१५ वर तक्रार केल्यावर आठव्या दिवशी डीलरचा स्वतःहून फोन. आधी म्हणाला आम्हाला काय माहीत, जशी आली तशी विकली. मी अधिकारपत्राचा नंबर विचारला तर आवाज उतरला. शेवटी ६५ हजार द्यायला तयार झाला, लेखी. घेऊ की केस लढू यावर घरात दोन रात्री चर्चा झाली. घेतले. लढायला वेळ नाही, आणि गुडघा पण. सईताईंना हे आवडणार नाही कदाचित.

बाकीचे माझ्या खिशातून. प्लेटा, सील, कन्व्हर्टर बदललेला, बाहेरचा कूलर पुढे ग्रिलच्या मागे बसवला. कालच गाडी आली. वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत नेऊन आणली, साठ-सत्तरला मुद्दाम पाय हलका ठेवून पाहिला, काही नाही. एसी फुल, बाहेर ४४. परत येताना संत्र्याचा रस प्यायला थांबलो आणि गाडी चालूच ठेवली, बंद करायची हिंमत झाली नाही. सवय जायला वेळ लागेल.

सिव्हिललाईन्स_सई

आवडलं नाही पण पटलं. ६५ हजार हातात आलेले बरे. तडजोडीचा कागद सांभाळून ठेवा.

कोथरूड_ते_कोराडी

हा धागा वाचून मी आत्ता खाली जाऊन माझ्या गाडीचा शिक्का पाहून आलो. सेकंड हँडच आहे, ऑटोमॅटिक, २०१८ ची. रेडिएटरवर २२. पण पुढचा बंपर, दोन्ही हेडलाईट आणि कंडेन्सर पण २२ चेच निघाले. म्हणजे लीक नाही, कोणीतरी समोरून जोरात ठोकली होती, आणि मला विकताना सांगितलं होतं एकही स्क्रॅच नाही. आता मी हसू का रडू?

डिझेलकाका_हिंगणा

हसा. ठोकलेली परवडली.